मास्टर कुठला? अवकाशात जाणाऱ्या सौर दुर्बिणीचं कॅलिब्रेशन

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात जा आणि क्वालिटीच्या टेबलावरचा मायक्रोमीटर उचलून बघा. डब्यावर छोटंसं स्टिकर असतं: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी ड्यू आहे. ती तारीख उलटली की मायक्रोमीटर कितीही चकचकीत असो, ऑडिटरच्या लेखी त्याच्या मापाला किंमत नाही. मग तो लॅबमध्ये जातो, स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, लावून तपासला जातो. ते स्लिप गेज त्याहून वरच्या लॅबने तपासलेले असतात, आणि ही साखळी चढत चढत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. ज्यांच्या घरात कुणी एमआयडीसीत नोकरीला आहे त्यांना यात नवीन काही नाही.

आता असं उपकरण घ्या, जे एकदा गेलं की लॅबमध्ये परत येणारच नाही. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. त्यावर सात उपकरणं आहेत. सूर्याची अतिनील चित्रं काढणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, तर सूर्याभोवतीचा प्रभामंडल बघणारं ‘व्हीईएलसी’ बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलं. तिथे स्क्रू आवळायला कुणी जाणार नाही, आणि आरसा पुसायलाही नाही. म्हणजे उपकरणाच्या खोडी जेवढ्या ओळखायच्या, तेवढ्या इथेच, जमिनीवर असताना.

आदित्यबद्दल बोलायला मी एका शाळेत गेलो होतो. मुलांचे प्रश्न संपल्यावर मागे उभे असलेले एक पालक म्हणाले, “सर, आमच्याकडे मास्टर असतो. सूर्याला मोजायचं तर तुमचा मास्टर कुठला?” अंबडला क्वालिटीत काम करणारा माणूस. मास्टर म्हणजे ज्याच्याशी बाकीची गेज ताडून बघतात ते प्रमाण माप. मुलांचे सगळे प्रश्न एकीकडे आणि हा एक एकीकडे, कारण या विषयाचं मर्म नेमकं त्यात आहे. उत्तर थोडं लांबचं आहे.

आधी दुर्बीण देते काय ते बघू. सूटच्या कॅमेऱ्यात ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल आहेत, म्हणजे जवळपास १ कोटी ६८ लाख. प्रत्येक पिक्सेल एक आकडा सांगतो. समजा, एकाने ८,००० सांगितला. हे ८,००० वॅट नव्हेत, फोटॉनही नव्हेत. इलेक्ट्रॉनिक्सने दिलेला तो नुसता आकडा आहे. त्यातला सूर्याचा वाटा किती आणि दुर्बिणीचा स्वतःचा किती, हे वेगळं काढता आलं तरच पुढचं विज्ञान उभं राहतं.

दुर्बिणीचा वाटा शोधायची सुरुवात अंधारात होते. कॅमेऱ्यावर प्रकाशाचा थेंबही पडू न देता चित्रं काढायची. तरीही आकडा शून्य येत नाही. काही भाग इलेक्ट्रॉनिक्सने मुद्दाम मिळवलेला असतो, मायक्रोमीटर पूर्ण मिटल्यावरही दिसणाऱ्या झिरो एररसारखा. उरलेला भाग उष्णतेचा. सिलिकॉन गरम असेल तर प्रकाश नसतानाही त्यातून इलेक्ट्रॉन सुटत राहतात, आणि तापमान साधारण सहा-सात अंशांनी चढलं की त्यांची संख्या दुप्पट होते. म्हणूनच असे कॅमेरे शून्याच्या बऱ्याच खाली थंड ठेवतात. वेगवेगळ्या तापमानांना, वेगवेगळ्या एक्स्पोजरची अशी काळी चित्रं ढिगाने काढावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण ते चुकवून चालत नाही.

मग उजेड. संपूर्ण कॅमेऱ्यावर सारखा प्रकाश पाडायचा. त्यासाठी बऱ्याचदा आतून पांढराशुभ्र लेप दिलेला पोकळ गोळा वापरतात. आत सोडलेला प्रकाश भिंतींवर इतक्या वेळा आपटतो की तोंडातून बाहेर पडताना सगळीकडे जवळपास एकसारखा होतो. तरी चित्र एकसारखं येत नाही. कुठला पिक्सेल दोन टक्के आळशी, कुठला एक टक्का उत्साही, मध्येच धुळीच्या कणाची वर्तुळाकार सावली. हा नकाशा जपून ठेवतात आणि नंतर सूर्याच्या प्रत्येक चित्राला त्याने भागतात. भागलं नाही, तर आळशी पिक्सेलचा पट्टा उद्या कुणाला तरी सौरडाग वाटेल.

आता माझ्या आवडीचा भाग. एक आकडा म्हणजे किती इलेक्ट्रॉन, हे कसं कळणार? इलेक्ट्रॉन मोजून देणारा दिवा तर बाजारात मिळत नाही. युक्ती अशी की प्रकाश थेंबाथेंबाने येतो, आणि थेंबांच्या संख्येत चढउतार असतोच. सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन जमत असतील तर प्रत्येक वेळी नेमके १०,००० जमत नाहीत. साधारण १०० इकडे-तिकडे होतात. हे १०० म्हणजे १०,००० चं वर्गमूळ. निसर्गाचा हा नियम कुठल्याही कॅमेऱ्याला चुकत नाही. आता समजा, कॅमेरा दर ४ इलेक्ट्रॉनना १ आकडा देतो, पण हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्याला दिसेल सरासरी २,५०० आणि चढउतार २५. त्या २५ चा वर्ग करा, ६२५ आले. २,५०० ला ६२५ ने भागा. उत्तर ४. चढउताराला आपण एरवी ‘नॉइज’ म्हणून नाकं मुरडतो, पण इथे तोच चुगली करून सांगतो की कॅमेरा किती इलेक्ट्रॉनना एक आकडा देतोय. प्रकाश हळूहळू वाढवत हेच पुन्हा पुन्हा केलं की आलेख निघतो, आणि पिक्सेल भरत आल्यावर तो कुठे वाकतो तेही दिसतं. त्या वळणापलीकडच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मग ठरून जातं.

या युक्तीला बाहेरचा मास्टर लागत नाही, म्हणून ती मला फार देखणी वाटते. पण तिने फक्त कॅमेऱ्यातले इलेक्ट्रॉन कळले. त्याच्या आधी आरसे आहेत, फिल्टर आहेत. समोरून किती प्रकाश शिरला आणि त्यातला किती कॅमेऱ्यापर्यंत पोचला, हे अजून कळलेलं नाही. इथे त्या पालकांचा प्रश्न आडवा येतो.

सरळ सूर्यच वापरला तर? नाशिकच्या गच्चीवर मे महिन्यात सूर्याची काही कमतरता नसते. अडचण अशी की सूट बघते २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, अकरा फिल्टरमधून. त्यातला ३०० नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक भाग वरच्या वरच ओझोन गिळून टाकतो. आपली कातडी त्यामुळेच वाचते, आणि दुर्बीण अवकाशात पाठवावी लागते तीही त्यामुळेच. म्हणजे ज्या प्रकाशासाठी दुर्बीण बांधली, त्याचा मोठा भाग जमिनीवर पोचतच नाही. शिवाय सूर्याला मास्टर म्हणता येत नाही, कारण मोजायचा तोच आहे.

मास्टर मिळतो तो सिंक्रोट्रॉनमध्ये. तिथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एका वलयात फिरवतात. चुंबकांमुळे त्यांची वाट वळते आणि प्रत्येक वळणावर ते प्रकाश टाकतात. हा प्रकाश किती आणि कुठल्या तरंगलांबीचा, हे मोजायची गरजच पडत नाही. ते गणिताने काढता येतं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा, चुंबकाची ताकद आणि वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची संख्या एवढं कळलं की पुरे. आणि संख्या म्हणजे शब्दशः मोजलेली. बर्लिनमध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेकडे असं वलय आहे, त्यात इलेक्ट्रॉन कमी करत करत अगदी एकट्या इलेक्ट्रॉनपर्यंत येता येतं. एकेक इलेक्ट्रॉन गळाला की प्रकाश एकेक पायरी खाली उतरतो. पायऱ्या मोजा, इलेक्ट्रॉन मोजून झाले. प्रकाशाच्या जगातला स्लिप गेज याहून नेमका काय असणार!

सगळ्याच दुर्बिणी काही सिंक्रोट्रॉनपर्यंत वाहून नेता येत नाहीत. सूर्याच्या अभ्यासासाठी १९९५ मध्ये उडालेल्या सोहो यानावरच्या ‘सुमेर’ आणि ‘सीडीएस’ या उपकरणांसाठी उलटा मार्ग घेतला गेला. एक लहान, हलवता येण्याजोगा दिवा बर्लिनच्या सिंक्रोट्रॉनशी ताडून घेतला आणि तो दिवाच उपकरणांकडे नेला. आपल्याकडे मास्टरवरून वर्किंग गेज तपासतात आणि वर्किंग गेज शॉप फ्लोअरवर फिरतो, हीच ती साखळी. नासाच्या एसडीओ यानावरचं ‘ईव्ह’ हे उपकरण मात्र थेट अमेरिकेतल्या गेथर्सबर्गच्या ‘सर्फ’ या सिंक्रोट्रॉनवरच तपासलं गेलं.

अतिनील दुर्बिणीला आणखी एक डोकेदुखी असते. सूर्याचा दृश्य प्रकाश प्रचंड आणि अतिनील किरकोळ. २०० नॅनोमीटरच्या आसपास तो दृश्य प्रकाशाच्या मानाने शेकडो पटींनी कमी असतो. फिल्टरने नको असलेला प्रकाश हजारात एक भाग जरी सोडला, तरी ती गळती खऱ्या संकेतात चांगलीच मिसळते. म्हणून फिल्टर काय सोडतो यापेक्षा काय अडवतो, तेच जास्त काळजीने तपासतात, आणि तेही त्याच्या कामाच्या पट्ट्यापासून खूप लांबच्या तरंगलांबीपर्यंत.

प्रभामंडलाचं गणित याहून कडक. तो सूर्यबिंबाच्या दहा लाखाव्या भागाइतकाच तेजस्वी. व्हीईएलसीमध्ये पहिला आरसा सूर्याची प्रतिमा दुसऱ्या आरशावर पाडतो आणि त्या दुसऱ्या आरशाला बरोबर मधोमध भोक आहे. बिंबाचा प्रकाश भोकातून निघून जातो, कडेचा प्रभामंडल तेवढा पुढे सरकतो. कल्पना सोपी, पण पहिल्या आरशावर धुळीचा कण बसला की तो बिंबाचा प्रकाश इकडे-तिकडे उधळतो आणि प्रभामंडल त्यात बुडतो. म्हणून हे उपकरण बंगळुरूजवळ होसकोटे इथल्या ‘क्लास १०’ स्वच्छ खोलीत जुळवलं गेलं. तिथे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण जास्तीत जास्त दहा. नाशिकच्या द्वारका चौकातली हवा तिथे नेण्याचा विचारही करू नये.

सुटे भाग असे एकेक करून तपासले, प्रत्येकाचं प्रमाणपत्र फाईलला लागलं. मग झालं का? इथे सौर स्थिरांकाची हकिगत सांगायलाच हवी.

पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाबाहेर, सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर किती वॅट पडतात, हा तो आकडा. १९७८ पासून उपग्रह तो सतत मोजत आहेत. १९९० च्या दशकात तो १,३६५ च्या आसपास धरला जाई. २००३ मध्ये ‘सॉर्स’ यानावर ‘टिम’ नावाचं उपकरण गेलं आणि त्याने सांगितलं १,३६१. फरक चार-पाच वॅटचा, ऐकायला किरकोळ. पण सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात हा आकडा जेमतेम ०.१ टक्क्याने, म्हणजे दीड वॅटच्या आत-बाहेर हलतो. उपकरणांतला तंटा सूर्याच्या स्वतःच्या बदलापेक्षा तिपटीने मोठा! हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी कुणाचं खरं मानायचं?

या उपकरणांची रचना तशी साधी आहे. काळ्या पोकळीत सूर्यप्रकाश शिरतो आणि ती तापवतो. पोकळीला विजेचा हीटरही असतो आणि तापमान कायम तेवढंच ठेवायचं असतं. सूर्य आत आला की हीटर जेवढी वीज कमी घेतो, तेवढी सूर्याची शक्ती. सगळं अवलंबून आहे ते प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या मापावर. टिमचं भोक सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचं. व्यासात एका मायक्रॉनची चूक झाली तर क्षेत्रफळ ०.०२५ टक्क्याने चुकतं, म्हणजे उत्तरात वॅटच्या एक तृतीयांशाएवढा फरक. सातपूरच्या टूलरूममध्ये मायक्रॉनवरून होणारी भांडणं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे लगेच पटेल.

पण जुन्या उपकरणांत घोळ भोकाच्या मापात नव्हता. माप बरोबर होतं, भोकाची जागा गैरसोयीची होती. अचूक मापाचं भोक आत, पोकळीच्या तोंडाशी, आणि समोर दृश्य मर्यादित करणारं मोठं भोक. मोठ्या भोकातून गरजेपेक्षा जास्त प्रकाश आत येई, कडांवर आपटे, आणि त्यातला थोडा चोरवाटेने पोकळीत शिरे. टिमने अचूक भोक सर्वांत पुढे ठेवलं, त्यामुळे नको तो प्रकाश दारातच अडला. हे सिद्ध करायला अमेरिकेत बोल्डर इथे एक खास सोय उभी राहिली: निर्वात कक्षात, सूर्याइतक्याच तीव्रतेच्या प्रकाशात, संपूर्ण उपकरण जसंच्या तसं अतिशीत संदर्भ-मापकाशी ताडून बघायचं. जुन्या उपकरणांच्या जमिनीवर राहिलेल्या जोड्या तिथे तपासल्या, तेव्हा विखुरलेल्या प्रकाशाची ही चोरी उघडी पडली. मग स्वित्झर्लंडमध्ये बनलेलं ‘प्रेमोस’ हे उपकरण उड्डाणाआधीच तिथे ताडून घेतलं गेलं. ते २०१० मध्ये फ्रान्सच्या ‘पिकार’ यानावरून गेलं आणि त्यानेही १,३६१ च्या बाजूने कौल दिला. आज पाठ्यपुस्तकांत जो आकडा येतो तो हाच.

माझ्या मते या सगळ्या विषयात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. सुटा भाग बरोबर असणं आणि जुळलेलं उपकरण बरोबर असणं यांत बराच फरक आहे. जमलं तर शेवटची तपासणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात करावी. ती महाग पडते आणि वेळापत्रकात नेहमी शेवटी येते, म्हणून तिच्यावरच पहिली कात्री चालवण्याचा मोह होतो.

आणि मास्टरच चुकीचा असला तर? हबल दुर्बीण काही सूर्याची नव्हे, पण तिचं उदाहरण टाळता येत नाही. तिचा आरसा घासताना तपासणीसाठी वापरलेल्या यंत्रातली एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होती. आरसा त्या यंत्रानुसार अचूक घासला गेला, म्हणजे अचूकपणे चुकीचा: कडेला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट. दुसऱ्या साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण ‘ती यंत्रं तेवढी अचूक नाहीत’ म्हणून तिकडे दुर्लक्ष झालं. १९९० मध्ये हबल उडाली, अंधूक चित्रं आली, आणि १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी जाऊन उपाय केला. पृथ्वीभोवती जवळच फिरत होती म्हणून जमलं. एल१ ला ती सोय नाही. तेव्हापासून शहाणी माणसं एकच गोष्ट दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी मोजतात, आणि उत्तरं जुळली नाहीत तर पुढे सरकत नाहीत.

हवा, वजन आणि हादरे यांबद्दल थोडक्यात. हवेत नीट फोकस केलेली दुर्बीण निर्वातात किंचित सरकू शकते, म्हणून फोकस निर्वात कक्षात बघतात. आरसा स्वतःच्या वजनाने नकळत वाकतो, अवकाशात तो वाक जातो. मग दुर्बीण वेगवेगळ्या बाजूंनी ठेवून मोजून गुरुत्वाचा हिस्सा वेगळा काढावा लागतो. प्रक्षेपणात ती खदखदा हलणार, म्हणून आधी व्हायब्रेशन टेबलवर हलवायची आणि हलवण्याआधीची व नंतरची मापं शेजारी ठेवायची. काही सरकलं असेल तर ते इथे कळलेलं बरं.

सगळ्यांत चिवट शत्रू मात्र वाफ. गोंद, रंग, तारांवरचं आवरण यांतून निर्वातात सूक्ष्म वाफा निघतात आणि आरशांवर, थंड कॅमेऱ्यावर जाऊन बसतात. त्यावर सूर्याचं अतिनील पडलं की तो थर जणू भाजून पक्का होतो आणि दुर्बीण हळूहळू आंधळी होऊ लागते. म्हणून भाग आधीच निर्वातात तापवून वाफा काढून टाकतात, जुळणीनंतर आत कोरडा नायट्रोजन खेळता ठेवतात, आणि उपकरणाशेजारी छोटे ‘साक्षीदार’ आरसे ठेवतात. उपकरणाला हात न लावता साक्षीदाराची परावर्तन क्षमता मोजली की आत काय साचलं असेल याचा अंदाज येतो.

एवढं करूनही आकडे सरकतात. सरकले किती, हे ओळखायला काही उपाय यानावरच असतात. सूटमध्ये कॅमेऱ्याचा एकसारखेपणा तपासायला अतिनील एलईडी बसवलेले आहेत. कधी आकाशच मदतीला येतं: जून २०१२ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून गेला तेव्हा एसडीओच्या लोकांनी त्याच्या काळ्या ठिपक्यात किती प्रकाश दिसतो ते मोजलं. शुक्राची अंधारी बाजू काळीच असणार, तेव्हा तिथे दिसलेला प्रकाश म्हणजे दुर्बिणीने आत उधळलेला.

पण मास्टरशी पुन्हा गाठ घालून द्यायचा सर्वांत थेट मार्ग एसडीओच्या ईव्ह उपकरणासाठी निघाला. त्याचं जुळं उपकरण जमिनीवर ठेवलं आहे. ते सर्फवर ताडून घेतात, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून एका छोट्या रॉकेटवर वर पाठवतात, आणि काही मिनिटं वातावरणाच्या वर राहून ते सूर्य मोजतं. त्याच वेळी एसडीओही तोच सूर्य बघत असतो. रॉकेटचा भाग पॅराशूटने उतरतो आणि जुळं पुन्हा सर्फवर जातं. दोघांच्या आकड्यांतला फरक म्हणजे वरचं उपकरण तेवढं मंदावलं, आणि तो सुधारणेचा गुणक मग ईव्हलाच नव्हे, शेजारच्या एआयए दुर्बिणीच्या चित्रांनाही लावला जातो.